एल्कसाठी रायफल: उणे २४ अंशांतल्या एका निवडीची हकीकत

पार्श्वभूमी

विश्वास (नाव बदललं आहे) एकेचाळीस वर्षांचा, मूळचा सांगली जिल्ह्यातला, आता एडमंटनमध्ये इंजिनिअर. वडील राज्य राखीव पोलिस दलातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. कॉलेजात एनसीसी होती, तिथे .२२ची रायफल चालवलेली. शिकारीचा अनुभव शून्य. भारतात १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकार जवळपास बंद केली, त्यामुळे आमच्या पिढीला शिकार म्हणजे आजोबांनी रंगवून सांगितलेल्या गोष्टी, निम्म्या खोट्या. अल्बर्टात मात्र हिवाळ्याच्या तोंडावर अर्धं ऑफिस सुट्टीवर जातं आणि परतल्यावर फ्रीझर भरल्याच्या गप्पा मारतं. तीन वर्षं त्या गप्पा ऐकून यालाही वाटलं की आपणही जावं.

मी एका नेमबाजी क्लबच्या मैदानावर शनिवारी स्वयंसेवक म्हणून असतो. विश्वास तिथे आला तेव्हा त्याच्याकडे बंदुकीचा परवाना होता, बंदूक नव्हती. कॅनडात हाच क्रम आहे: आधी सुरक्षा अभ्यासक्रम आणि परीक्षा, मग अर्ज, मग कमीत कमी २८ दिवसांची वाट. अर्जावर जोडीदाराची सही मागतात आणि ती नसेल तर अधिकारी जोडीदाराला कळवतात. "बायकोनं सही करायला तीन आठवडे लावले, काका," तो म्हणाला. "कुलपाची पेटी आधी आणली, भिंतीला ठोकली, किल्ली तिला दाखवली. मग केली."

जुलैत शिकारीच्या परवान्यांच्या सोडतीत त्याचं नाव निघालं. एल्कची (हे सांबरासारखं मोठं हरीण) मादी, नोव्हेंबरअखेर, प्रांताच्या आग्नेयेकडची गवताळ माळरानं. नेमका विभाग मुद्दाम सांगत नाही. पण एल्क म्हटल्यावर डोंगर आणि देवदाराची जंगलं डोळ्यांपुढे येतात, म्हणून एक खुलासा करतो. त्या भागातल्या सफील्डच्या लष्करी तळावर १९९७-९८मध्ये एल्क आणून सोडले. कळप वाढत काही हजारांवर गेला, आसपासच्या शेतांत उतरू लागला आणि २०१२पासून तळावरही शिकारीला परवानगी मिळाली. म्हणजे जनावर डोंगरातलं वाटलं, तरी मुक्काम उघड्या माळावर. आडोसा नाही आणि वारा थांबत नाही. रायफलीचा सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

अडचण

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्याच्याकडे चार सल्ले जमले होते आणि चारी एकमेकांच्या विरुद्ध.

(पुढचे आकडे म्हणजे काडतुसांची मापं, रायफलही त्याच नावाने ओळखतात.) दुकानातल्या विक्रेत्याने .३०० विंचेस्टर मॅग्नम पुढे केली. "माळ आहे, लांबून मारावं लागेल, एल्क चिवट असतो." ऑफिसातल्या तरुण सहकाऱ्याचं मत ६.५ क्रीडमूर, धक्का कमी आणि नेम अचूक. शिकारीच्या जागेचा मालक सत्तरीचा शेतकरी. त्याच्या मते .३०-०६ सोडून बाकी सगळं जाहिरातबाजी. चौथे वडील. व्हिडिओ कॉलवर त्यांनी एका वाक्यात निकाल दिला: "थ्री-नॉट-थ्री घे. आम्ही पावसात, चिखलात वापरली, कधी दगा दिला नाही."

कायद्याने इथे मोठ्या जनावरासाठी .२३ इंच किंवा त्याहून लहान व्यासाची गोळी चालत नाही. ती अट चारी सल्ले सहज पार करत होते, म्हणून कायदा निवडीला मदत करत नव्हता. बजेट रायफल, दुर्बीण आणि सरावाची काडतुसं धरून दोन हजार डॉलर. हातात सात आठवडे.

मीही पहिल्या भेटीत त्याला विचारलं ते "किती लांबून मारायची वेळ येईल असं वाटतं?" प्रश्न चुकीचा होता. ज्याने आयुष्यात रानातल्या जनावरावर बार टाकलेला नाही त्याला काय ठाऊक? विचारायला हवं होतं: "तुझी गोळी कुठवर नेमकी लागते?"

समोर असलेले पर्याय

वडिलांच्या सल्ल्यावर आम्ही आधी हसलो, पण तो फेकून देण्यासारखा नव्हता. कॅनडात ली-एनफील्ड, म्हणजे वडिलांची थ्री-नॉट-थ्री (.३०३), अजून भरपूर फिरतात, युद्धानंतर दस्ता कापून शिकारीसाठी हलक्या केलेल्या. उत्तरेतल्या बर्फात गस्त घालणाऱ्या कॅनेडियन रेंजर्सनी ही रायफल १९४७पासून सत्तर वर्षं वापरली. बोल्टमध्ये, म्हणजे काडतूस आत ढकलणाऱ्या दांड्यात, सैलपणा असल्यामुळे थंडीत, घाणीत ती अडत नाही. हवालदारसाहेब म्हणत होते त्यात तथ्य होतं. अडचण दुसरीकडे होती. दुर्बीण बसवायला जुन्या पोलादात भोकं पाडावी लागतात, सत्तर-ऐंशी वर्षांच्या हत्याराचा चेंबर (काडतूस बसतं तो भाग) बंदूकसाजाकडून तपासून घ्यावा लागतो, आणि .३०३ची काडतुसं दर दुकानात मिळतीलच असं नाही. सरावाला दीडशे काडतुसं हवीत, तर ती आधी मिळायला हवीत.

जाता जाता एक गंमत. .३०३ हे लष्करी मापाचं काडतूस, म्हणून भारतात ते साध्या परवान्यावर मिळतच नाही. तिथे परवानाधारकाच्या हाती .३१५ दिसते ती त्यामुळे. वडिलांनी नोकरीभर वापरलेली रायफल मुलाला विकत घेता येईल असा देश कॅनडा निघाला, हे विश्वासने त्यांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

.३००च्या बाजूने मुख्य दावा होता "सपाट जाते" हा. तो मी .३०८ या सहज मिळणाऱ्या काडतुसाशी तुलना करून कागदावर मांडून दाखवला. दोन्ही रायफलींचा नेम २०० मीटरवर जुळवला तर ३०० मीटरवर .३०८ची १६५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सुमारे २४ सेंटिमीटर खाली येते, .३००ची १८० ग्रेनची १९. फरक पाच सेंटिमीटरांचा. ताशी ३० किलोमीटरचा आडवा वारा धरला तर त्याच अंतरावर पहिली ४० सेंटिमीटरच्या जरा वर बाजूला सरकते, दुसरी ३४च्या आसपास. एल्कच्या छातीत जिथे गोळी जायला हवी तो भाग फूटभराचा. म्हणजे वारा ओळखता आला नाही तर दोन्ही चुकणार आणि ओळखता आला तर दोन्ही लागणार. या पाच-सात सेंटिमीटरांची किंमत म्हणून खांद्याला बसणारा धक्का साधारण दीडपट. ४०० मीटरच्या पलीकडे मॅग्नमला अर्थ येतो हे खरं. पण नवशिक्याने तिथून बार टाकायचाच कशाला?

६.५ क्रीडमूर मला स्वतःला आवडते. सव्वादोनशे किलोच्या मादीला ती पुरते, मात्र गोळी नीट निवडावी लागते आणि खांद्याच्या जाड हाडावर गेली तर जास्तीचा भरवसा राहत नाही. .३०-०६ आणि .३०८ यांच्यात या कामापुरता फारसा फरक नाही. शेतकरीबाबांना हे सांगायची माझी हिंमत झाली नाही.

पाचवा पर्याय उसनवारीचा. दोघांकडे परवाना असेल तर साधी शिकारी रायफल इथे उसनी देता येते. माझ्या कपाटात दोन होत्या. मी ते बोललो, पण उरकून टाकल्यासारखं. विश्वासने सोडून दिलं आणि मीही धरून ठेवलं नाही.

मैदानावरची चाचणी

शेवटी वाद मैदानावर न्यायचं ठरलं. क्लबातल्या मित्रांच्या चार रायफली जमवल्या: .३०३, ६.५, .३०८, .३००. अट एकच घातली. विश्वासने शिकारीला घालणार तेच कपडे घालून यायचं. हिवाळी जाकीट, आत दोन थर, हातमोजे. बाहेर सहा अंश होते आणि तो घामाघूम. मैदानावरची बाकीची मंडळी गालात हसत होती.

निशाण म्हणून जेवणाची कागदी ताटली, २३ सेंटिमीटरची. बाकावर वाळूच्या पिशव्या लावून नाही, जमिनीवर बसून, काठीच्या दुबेळक्यावर नळी टेकून.

.३००चा पहिला बार ताटलीत गेला. दुसरा काठावर, तिसरा बाहेर, चौथा कुठे गेला कुणालाच दिसलं नाही. मग मी काडतुसांत एक नकली मिसळलं, त्याला न सांगता. चाप ओढला, बार झाला नाही, आणि नळीचं तोंड वीतभर खाली आपटलेलं आम्ही सगळ्यांनी पाहिलं. त्यानेही पाहिलं. धक्का बसायच्या आधीच अंग त्याच्याशी झुंजायला लागलं होतं. शिवाय जाड जाकिटामुळे दस्ता लांब पडत होता. डोळा दुर्बिणीशी जुळवायला तो मान पुढे ताणत होता आणि पाचव्या बाराला दुर्बिणीच्या कडेने भुवई फोडली. जखम बारीक होती, पण त्यानंतर त्या रायफलीला त्याने हात लावला नाही.

.३०८वर पहिले दोन इकडेतिकडे गेले, मग हात बसला. पुढच्या तीन शनिवारी आकडे मांडले. १०० मीटरवर दहापैकी दहा. २०० मीटरवर दहापैकी नऊ. ३०० मीटरवर, जरा वारा असताना, दहापैकी पाच. ६.५वर हेच आकडे किंचित बरे होते, ३०० मीटरवर सहा. पण त्याला .३०८ची जाड गोळी आणि कुठल्याही गावातल्या दुकानात मिळणारी काडतुसं जास्त धीर देत होती. त्या मताला मी विरोध केला नाही. धीर हाही नेमाचाच भाग आहे.

त्या कागदावर त्याने २००च्या आकड्याभोवती लाल गोल काढला आणि खाली लिहिलं, "याच्या पुढे नाही." या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय मला हाच वाटतो, रायफल त्यानंतर आली.

खरेदी आणि तयारी

घेतली ती .३०८, बोल्ट अ‍ॅक्शन, स्टेनलेस नळी, प्लास्टिकचा दस्ता. अक्रोडाचा दस्ता सुंदर दिसतो, पण लाकूड ओल धरतं, फुगतं, नळीला टेकतं आणि नेम सरकतो. वडिलांना फोटो पाठवला तर ते म्हणाले, "खेळण्यासारखी दिसते." मग त्यांना सांगितलं की रेंजर्सनीही थ्री-नॉट-थ्री सोडून आता .३०८चीच नवी रायफल घेतली आहे. त्यावर "मग बरोबर असेल" एवढंच.

दस्त्यातली एक पट्टी काढून तो सव्वा सेंटिमीटर आखूड केला. जाकीट घालून डोळा आपसूक दुर्बिणीमागे यायला लागला. हातात पातळ मोजा, त्यावर बार टाकताना उलटून मागे टाकता येईल असा जाड मोजा. नळीच्या तोंडावर बर्फ जाऊ नये म्हणून चिकटपट्टीचा तुकडा. तो काढावा लागत नाही, बाराबरोबर उडून जातो.

तेलाबद्दल मात्र मी बजावून सांगितलं. दुकानातून नवी रायफल येते तेव्हा बोल्टमध्ये गंज लागू नये म्हणून ग्रीस भरलेलं असतं. उणे वीसला ते घट्ट होतं, काडतुसावर आदळणारी फायरिंग पिन मरगळल्यासारखी पुढे जाते. आम्ही बोल्ट खोलला, सॉल्व्हंटने धुतला, कोरडा केला, ग्राफाइटची पूड लावली. एवढं केल्यावर मला वाटलं थंडीचा विषय संपला.

माळावरचे तीन दिवस

पोहोचलो त्या दुपारी उणे २० होतं. शेतकरीबाबांच्या परवानगीने एका बांधाआड कागद लावून तीन बार टाकले. २०० मीटरवर गोळ्या तीन सेंटिमीटर खाली. हे अपेक्षित होतं. थंडीत दारू जरा मंद जळते, गोळीचा वेग पडतो आणि हवाही दाट होते. वीस अंशांची हवा आणि उणे पंचवीसची हवा यांच्या दाटपणात १८ टक्क्यांचा फरक आहे. विश्वासने दुर्बिणीचा खटका फिरवला, आणखी दोन टाकले, जमलं.

दुसऱ्या दिवशी सूर्योदयाच्या आधी अर्धा तास, म्हणजे कायद्याने परवानगी सुरू होते त्या वेळी, आम्ही नाल्याच्या काठावर पडून होतो. उणे २४. आठच्या सुमाराला सात माद्या नाल्यातून वर आल्या. सगळ्यांत पुढची १४० मीटरवर आडवी उभी राहिली, नाकातून वाफा सोडत. विश्वासने मोजा मागे टाकला, श्वास सोडला, चाप ओढला.

ठक.

बार नाही. दरवाजा बंद झाल्यासारखा मंद आवाज. त्याने रायफल होती तशीच समोर रोखून धरली आणि शिकवल्याप्रमाणे मनात साठपर्यंत मोजलं, काडतूस उशिरा पेट घेऊ शकतं म्हणून. मला त्याचे ओठ हलताना दिसत होते. माद्या तोवर शांतपणे टेकाडापलीकडे गेल्या. बोल्ट मागे घेतला तर काडतुसाच्या टोपीवर पिनचा पुसट ठिपका.

"रात्री रायफल कुठे होती?" मी विचारलं.

"खोलीत. गाडीत ठेवायला भीती वाटली."

मोटेलची खोली बावीस अंश. रात्री अकराला गोठलेली रायफल आत आणली, तिच्यावर दव जमलं, ते आत बोल्टमध्येही उतरलं. त्याने पहाटे बाहेरून टॉवेलने पुसली, कोरडी दिसली. मग उणे २४मध्ये आणल्यावर आतल्या पाण्याचा बर्फ झाला आणि पिन त्यात अडकली. ग्रीस काढलं ते बरोबर होतं, पण पाणी आम्हीच भरलं. चोरीची भीती खोटी नव्हती. यावर उपायही होता: शेतकरीबाबांच्या कुलूपबंद थंड गोदामात बंद पेटी ठेवायची. कुणी सुचवलं नाही. म्हणजे मी सुचवलं नाही.

सकाळ बाबांच्या ट्रॅक्टरच्या शेडमध्ये, हीटरपुढे बोल्ट सुकवण्यात गेली. बाबांनी एकदा रायफलीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. बोलले काही नाहीत.

दुपारी दुसरा प्रसंग. कुंपणाच्या रेषेत चार माद्या चरत होत्या. बर्फावर ऊन, हवा काचेसारखी, आणि विश्वास म्हणाला, "दोनशे असतील." अंतर मोजायचं यंत्र काढलं तर पडदा कोरा. थंडीने बॅटरी बसलेली. ती आतल्या खिशात ठेवायची असते, त्याने पाठपिशवीत ठेवली होती. मग कुंपण मोजलं. इथली जमीन चौकोनांत आखलेली आहे. एक क्वार्टर म्हणजे १६० एकर, बाजू अर्ध्या मैलाची, म्हणजे ८०० मीटर. आम्ही एका कोपऱ्यावर होतो आणि माद्या निम्म्या कुंपणाच्या थोड्या अलीकडे. साडेतीनशेच्या खाली काही केल्या नाही.

तो दोन मिनिटं दुर्बिणीतून बघत राहिला. सकाळची संधी गेलेली, एकच दिवस उरलेला. वारा डावीकडून, बर्फाची पूड जमिनीलगत सरपटत होती. मी बोललो नाही, निर्णय त्याचा होता. त्याने बोल्ट उघडला, काडतूस काढून खिशात टाकलं आणि म्हणाला, ".३०० असती तर मी टाकला असता. आणि चुकलो असतो."

रात्री रायफल गोदामात राहिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीनला, नाल्याच्या वळणावर, १७० मीटर. या वेळी यंत्र चालू होतं. एक बार. मादी दचकली, चाळीस-पन्नास पावलं धावली आणि बसल्यासारखी खाली गेली. गोळी पुढच्या पायामागून, दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेली होती. विश्वासने परवान्याचा टॅग लावला आणि मग बराच वेळ तिच्या मानेवर हात ठेवून बसून राहिला.

निष्पत्ती

हाडं काढून साधारण ९० किलो मांस मिळालं. या भागातल्या हरणांत मेंदूचा एक असाध्य रोग पसरलेला आहे. अल्बर्टात रानातल्या हरणात तो पहिल्यांदा २००५मध्ये सापडला. म्हणून डोकं तपासणीला दिलं आणि अहवाल येईपर्यंत एकही तुकडा शिजवला नाही. अहवाल चांगला आला. पहिल्या रविवारी विश्वासच्या बायकोने कांदा-लसूण मसाल्यात रस्सा केला. मांसात चरबी नसल्यामुळे मटणाच्या हिशेबाने शिजवलेलं वातड झालं, दुसऱ्या वेळी कुकरच्या शिट्ट्या वाढवल्या.

खर्च बजेटपेक्षा तीनशे डॉलरने वाढला. त्यातला बहुतेक काडतुसांचा. मला तो योग्य वाटतो.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या वर्षी मी त्याला माझीच रायफल उसनी दिली असती. तीन दिवस माळावर काढल्यावर माणसाला आपल्याला काय हवंय ते कळतं, दुकानातल्या काउंटरवर ते कळत नाही. विश्वासला हे पटत नाही. स्वतःची रायफल असल्यामुळेच सात आठवडे इमानाने सराव केला, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्याच्या हत्यारावर इतकी काडतुसं उडवली नसती, हेही खरं असेल.

दव गोठण्याची चूक माझ्या खात्यात जाते. सात आठवडे आम्ही गोळीचा वेग, वारा, धक्का यांवर बोललो. रायफल रात्री झोपणार कुठे हा प्रश्न एकदाही निघाला नाही. आता मी मैदानावर येणाऱ्या प्रत्येक नवशिक्याला तो पहिल्या पाच मिनिटांत विचारतो. आणि बोल्ट एकदा तरी रात्रभर बाहेर गारठवून, सकाळी रिकामा चाप ओढून आवाज ऐकायला सांगतो. कोरड्या पिनचा आवाज टणक येतो.

चाचणीला .३०-०६ आणलीच नव्हती. शेतकरीबाबांनी ते बरोबर हेरलं आणि अजून ऐकवतात.

यंदा सोडतीत विश्वासचं नाव निघालं नाही. पुढच्या वेळी मर्यादा २०० ऐवजी २५० करावी असं तो म्हणतो आहे. मी म्हणालो, बसून, जाकीट घालून दहापैकी नऊ दाखव. परवाच्या शनिवारी सात बसल्या.